अज्ञात इसम आणि ओळखीचा माणूस

बालअत्याचाराच्या बातम्या वाचताना पडणारे प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. नाशिक शहरातून आणि तालुक्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. उत्तरं बाल संरक्षणाच्या कामातल्या आणि वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

आमच्या पेपरात ‘अल्पवयीन मुलीला अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ ही बातमी सारखी असते. एवढे पळवणारे नाशिकमध्ये फिरतायत का? मुलीचा संध्याकाळचा क्लास बंद करावा, असं घरात चाललंय. — पालक, म्हसरूळ

क्लास बंद करू नका. तुम्ही वाचता ते वाक्य वार्ताहराने शोधून काढलेलं नसतं, ते फिर्यादीतून जसंच्या तसं उचललेलं असतं. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की नुसती ‘मिसिंग’ची नोंद करून थांबायचं नाही, सुरुवातीलाच अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिला. त्यामुळे मूल आईवर रुसून मावशीकडे गेलं, निकालाच्या भीतीने रेल्वेत बसलं किंवा सतरा वर्षांची मुलगी मित्राबरोबर स्वतःहून निघून गेली, तरी कागदावर अपहरणच येतं आणि आरोपीच्या जागी ‘अज्ञात’. आदेश योग्यच आहे, तपास पहिल्या दिवसापासून सुरू होतो. घोटाळा पुढे होतो. मूल दोन दिवसांनी सापडलं तर त्याची बातमी येत नाही. पळवल्याच्या बातम्या डोक्यात साठत जातात, परत आल्याच्या साठत नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातही हेच दिसतं. २०२२ मध्ये देशात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे नोंदवले गेले. त्यात अपहरणाचा वाटा ४५.७ टक्के आणि पोक्सोचा, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांचा, ३९.७ टक्के. ‘मुलांवरील गुन्ह्यांत इतकी वाढ’ असा मथळा दिसला की यातलं अपहरण किती आणि त्यातलं खरं पळवणं किती, हे आधी विचारायचं. शिवाय हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे आहेत. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती केली, तेव्हा नोंदी वाढणारच होत्या.

आता ज्याची भीती खरोखर बाळगायला हवी त्याबद्दल. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले. पोक्सोखाली नोंदवलेल्या बलात्काराच्या गंभीर गुन्ह्यांत तर दहापैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीचे निघतात.

मग पेपरात अनोळखी माणूसच का दिसतो? अनोळखी आरोपी असला की सीसीटीव्ही फुटेज असतं, घटनास्थळ असतं, संतप्त नागरिक असतात, मोर्चा असतो. सगळं छापता येतं. आरोपी मामा किंवा आजोबा असेल तर मुलाची ओळख उघड न करण्याच्या बंधनामुळे यातलं काहीच छापता येत नाही आणि प्रकरण आतल्या पानावर चार ओळींत संपतं. मुलाचं रक्षण करणारा नियमच नकळत खऱ्या आरोपीचा चेहरा वाचकापासून दूर ठेवतो. नियम सैल करावा असं आम्ही म्हणत नाही. वाचताना तेवढं धरून वाचावं.

घरात बोलायचं ते संध्याकाळच्या रस्त्याबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त. क्लासचे सर, रिक्षावाले काका, मोठा चुलतभाऊ, शेजारचे आजोबा, कुणीही असो: ‘हे आईला सांगायचं नाही’ असं जो म्हणेल त्याचं नेमकं तेच आईला येऊन सांगायचं. कपड्याखालच्या अवयवांची खरी नावं मुलाला माहीत हवीत, नाहीतर तक्रार करायची वेळ आली तर त्याच्याकडे शब्दच नसतात. मुलग्यांनाही हे सगळं सांगा. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ हा समजही बातम्यांनीच पक्का केलाय.

मी तालुक्याचा वार्ताहर आहे. मुलीचं नाव कधीच देत नाही. तरी एका बातमीवरून ‘ओळख उघड केली’ म्हणून नोटीस आली. नक्की काय काय गाळायचं? — दिंडोरी तालुका

नाव गाळणं ही फक्त पहिली पायरी. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर आणि ज्यावरून ओळख पटू शकेल असा ‘इतर कोणताही तपशील’ अशी यादी आहे. शिक्षा किमान सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि ती एकट्या वार्ताहराची नाही, प्रकाशक आणि मालकही जबाबदार धरले जातात. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ वेगळं आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणखी वेगळं.

एक काल्पनिक बातमी घेऊ: ‘दिंडोरी तालुक्यातील अमुक गावात सातवीत शिकणाऱ्या १२ वर्षीय मुलीवर, आई द्राक्षबागेत थिनिंगला (घड विरळ करायला) गेली असताना, शेजारी राहणाऱ्या ३४ वर्षीय सख्ख्या काकाने अत्याचार केला.’ नाव कुठेच नाही. पण दीड हजार वस्तीच्या गावात सातवीच्या मुली असून असून किती? त्यातल्या कितींची आई बागेत मजुरीला जाते? कितींचा काका शेजारी राहतो? गावाला मथळा वाचून होण्याआधी घर कळलेलं असतं. म्हणून गाव काढा, तालुका ठेवा. इयत्ता काढा. वयाचा आकडा काढून ‘१४ वर्षांखालील’ लिहा. आईचं काम काढा, कारण त्यातून कुटुंब कळतं, आणि वर ‘आई घरी नव्हती’ हा दोषही तिच्या माथी बसतो.

आता खरी अडचण. आरोपीचं नाव छापायचं की नातं? दोन्ही छापलं तर मूल उघडं पडतं. एका दैनिकाने नाव दिलं आणि दुसऱ्याने नातं दिलं तरीही उघडं पडतं, कारण चहाच्या टपरीवर दोन्ही पेपर शेजारी शेजारी पडलेले असतात. ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत यावर स्पष्ट नियम आहे: प्रौढ आरोपीचं नाव देता येतं, पण मुलाशी त्याचं नातं सुचवणारं काही येऊ द्यायचं नाही. आमच्या मते आपल्या खेड्यापाड्यांत उलटं करावं. घरातल्या माणसावर आरोप असेल तर नाव, आडनाव, वय, धंदा सगळं सोडा आणि ‘परिचित व्यक्ती’ किंवा ‘नातेवाईक’ एवढंच लिहा. आडनाव छापणं म्हणजे मुलीचंच आडनाव छापणं. यात आरोपीला झाकल्यासारखं होतं, हे खरं. पण ‘नातेवाईक’ हा शब्द वाचकाला जे शिकवतो ते आरोपीचं नाव शिकवत नाही. तालुक्यातल्या सगळ्या दैनिकांच्या वार्ताहरांनी मिळून एकच पद्धत ठरवली तर उत्तम. प्रेसनोट सगळ्यांना एकाच वेळी येते, तेव्हा हे बोलणं दोन फोनांत होतं.

पोलिसांकडून कागद आला म्हणजे छापायला मोकळीक, असं नाही. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार आणि पोक्सोच्या गुन्ह्यांचे एफआयआर सार्वजनिक करू नयेत, असं बजावलं. मूल मरण पावलं तरी ओळख जपायची, असंही त्यात आहे. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआच्या बालिकेवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. आईवडील ‘आमची हरकत नाही’ म्हणाले तरी पोक्सोत ती परवानगी चालत नाही. परवानगी विशेष न्यायालयच देऊ शकतं, तीही मुलाच्या हिताची असेल तर, लेखी कारण नोंदवून.

मजकुरापेक्षा जास्त चुका चित्रात होतात. चेहरा धूसर केला आणि गणवेश तसाच ठेवला. आईचा बाइट पाठमोरा घेतला, पण आवाज बदलला नाही. घराचं दार, ओट्यावरची सायकल, शाळेची कमान दिसू दिली. छापील पानावर सगळं गाळलं, पण वेबसाइटवर टाकताना लिंकच्या पत्त्यात आणि टॅगमध्ये गावाचं नाव राहिलं. तुमच्या कार्यालयाने मूळ फोटो तालुक्याच्या ग्रुपवर मागवला असेल तर छापण्याआधीच तो उघड झाला. धूसर तुम्ही करा, मगच पाठवा.

आश्रमशाळेत घडलं तर शाळेचं नाव द्यायचं का, असं तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय. ‘शाळा’ हा शब्द कलम २३ मध्ये थेट आहे. म्हणून ‘एका तालुक्यातील आश्रमशाळा’ लिहा आणि जोर तपासणीवर द्या: अधीक्षिकेचं पद भरलेलं होतं का, मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण असतं, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी झाली होती का, आणि प्रमुखाला कळल्यावर पोलिसांना कधी कळवलं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर कलम २१ खाली त्याला वर्षभरापर्यंत कैद आहे. बातमी तिथे आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, उत्तर मागायला लांब जावं लागत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर एका मुलाला मारहाण होत असल्याचा व्हिडिओ आणि ‘हा माणूस दिसला तर पकडा’ असा मेसेज फिरतोय. लोकांना सावध करण्यासाठी पुढे पाठवला तर चालेल ना? — शिक्षिका, नाशिकरोड

नाही. कलम २३ फक्त पत्रकारांना लागू नाही, तिथे ‘कोणतीही व्यक्ती’ आणि ‘कोणतंही माध्यम’ असे शब्द आहेत. व्हिडिओत लैंगिक काही असेल तर तो पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही गुन्हा आहे, आणि नुसता जवळ ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. कुणी पाठवला, कधी आला आणि त्यातली ठिकाणाची खूण लिहून घ्या. १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर सांगा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीच्या तक्रारीचा रकाना आहे तिथे नोंदवा. तिथे नाव न देताही तक्रार करता येते.

‘दिसला तर पकडा’चं काय होतं ते आपल्या शेजारी घडून गेलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षुकीसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्याच सुमारास मालेगावात लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी जमावातून ओढून वाचवलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. अफवा खरी वाटली, कारण तिला रोजच्या पेपरातल्या ‘अज्ञात इसमा’चं पाठबळ होतं.

माध्यमांनी लावून धरलं, लोक रस्त्यावर आले, की न्याय लवकर मिळतो. मग टीका कशाला? — सातपूर

लावून धरल्याने फायदा होतो, हे नाकारण्याचं कारण नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी घरच्या मारहाणीने मोडलेल्या हाडांच्या मुलांवर शोधनिबंध लिहिला. वृत्तपत्रांनी आणि साप्ताहिकांनी तो उचलला, आणि पाच वर्षांत तिथल्या प्रत्येक राज्यात अशी प्रकरणं कळवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे मात्र श्रेय कधीकधी भलतीकडे जातं. ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही कार्यक्रमामुळे पोक्सो आला, असं अनेक जण सांगतात. तो भाग १३ मे २०१२ ला दाखवला गेला, विधेयक राज्यसभेत १० मेलाच मंजूर झालं होतं. कार्यक्रमाने घराघरांत बोलणं सुरू केलं, तेही थोडं नाही. पण कायद्यामागे कित्येक वर्षांचं बिनबातमीचं काम होतं.

लावून धरणं उलटतंही. इंग्लंडमध्ये क्लीव्हलँड इथे १९८७ मध्ये काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचाराचं निदान झालं आणि अनेकांना घरातून हलवलं. वृत्तपत्रांनी बाजू घेतली ती पालकांची, दोन बालरोगतज्ज्ञ खलनायक ठरले. निदान कुठे चुकलं आणि कुठे बरोबर होतं, हा कंटाळवाणा पण महत्त्वाचा प्रश्न गोंगाटात बुडाला. त्याआधीच्या वर्षांत हीच वृत्तपत्रं समाजसेवकांना ‘मूल मरेपर्यंत काय करत होता’ म्हणून झोडपत होती.

बदलापूरचं बघा, तिथे शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं होतं. २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वेमार्गावर उतरले. राग शाळेने आणि पोलिसांनी केलेल्या दिरंगाईचा होता, आणि तो रास्त होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळांच्या सुरक्षेसाठी समिती नेमली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्या दिवसापासून वाहिन्यांवरची चर्चा चकमकीची झाली आणि शाळांतल्या व्यवस्थेचा मुद्दा मागे पडला.

‘फाशी द्या’ या मथळ्यांबद्दलही थोडं. २०१९ च्या दुरुस्तीने पोक्सोत सर्वांत गंभीर गुन्ह्यासाठी फाशी आली, १६ वर्षांखालच्या मुलावरील बलात्काराला किमान २० वर्षं झाली. आरोपी घरातलाच असतो तेव्हा याचा दाब कुणावर येतो? ‘तू बोललीस तर काकाला फाशी होईल’ हे वाक्य ज्या मुलीला ऐकवलं जातं तिच्यावर. साक्षी फिरतात त्या तिथे.

आमच्या मते बातमीदारीची खरी जागा एफआयआरनंतरची आहे. कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि शक्यतो खटला वर्षभरात. नाशिकच्या विशेष न्यायालयात वर्षापेक्षा जुने खटले किती? बाल कल्याण समितीत अध्यक्ष धरून पाच जागा असतात, भरलेल्या किती? किती मुलांना खटल्यात सोबत करणारी सहाय्यक व्यक्ती मिळाली, किती जणांना अंतरिम भरपाई? यातल्या एकाही प्रश्नाला मुलाचं नाव लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तरी हे छापून येत नाही, कारण क्राइम बीटचा वार्ताहर रोज सकाळी पोलीस ठाण्याच्या प्रेसनोटवर अवलंबून असतो, आणि प्रेसनोटमध्ये असते फक्त अटक.

लैंगिक अत्याचार सोडून बाकीचे अत्याचार बातमीत का नसतात? — इगतपुरी

कारण त्यांना ‘घटना’ नसते. उपासमार, रोजची मारझोड, शाळेतून काढून कामाला लावणं हे हळूहळू चालतं, त्याला तारीख नाही. तुमच्याच तालुक्यात २०२२ मध्ये कातकरी मुलं काही हजार रुपये किंवा एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात असल्याचं उघड झालं, ते एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. त्याआधी ती मुलं शाळेच्या पटावर गैरहजर दिसतच असतील. बातमी तेव्हाही होती, फक्त ती पोलीस ठाण्यात नव्हती. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारणं, टाकून देणं, छळणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. शाळेतली छडी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. ‘शिस्त’ म्हणून ती अजूनही बातमीच्या बाहेर राहते.

आमच्या नात्यातल्या मुलाची ओळख पटेल अशी बातमी आली. तक्रार कुठे करायची? — सिन्नर

आधी पुरावा. छापील बातमी असेल तर पूर्ण पान ठेवा, कात्रण नाही. तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक दिसला पाहिजे. ऑनलाइन असेल तर पूर्ण लिंक आणि तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट. हे कुणालाही पाठवू नका, अर्जाला बंद पाकिटात जोडा.

मग संपादकांना लेखी पत्र: कोणत्या तपशिलावरून ओळख पटते ते वाक्य उद्धृत करा आणि मजकूर उतरवण्याची मागणी करा. उत्तर समाधानकारक नसेल तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया. दैनिक आणि साप्ताहिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत, इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांत तक्रार पोचली पाहिजे, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार जोडून. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. वाहिनीबाबत मुदत फार थोडी असते. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने सदस्य वाहिन्यांसाठी नेमलेल्या स्वनियमन मंडळाकडे जायचं तर प्रसारणापासून सात दिवसांत आधी वाहिनीकडे तक्रार हवी. न्यूज पोर्टलने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर दिलेलं असायला हवं, त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

या सगळ्यासाठी पोलीस तक्रार थांबवायची गरज नाही. ती वेगळी आणि समांतर चालते, कारण कलम २३ चा भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे. अर्जाची प्रत बाल कल्याण समितीला आणि महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगालाही द्या. खटला सुरू असेल तर सरकारी वकिलांमार्फत विशेष न्यायालयाच्या कानावर घाला, कारण खटला चालू असेपर्यंत मुलाची ओळख जपणं ही त्या न्यायालयाचीही जबाबदारी आहे. आणि प्रत्येक लिंक स्वतंत्र ओळीत लिहा. वेबसाइटवरची बातमी काढतात, पण ई-पेपरचं पान, यूट्यूबचं थंबनेल आणि फेसबुकवर शेअर केलेली पोस्ट मागितल्याशिवाय कुणी काढत नाही.